खानदेशातून मक्केच्या जहाजाकडे

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० च्या मोहिमा तेवढ्या आठवतात. परंतु मोगल अमदानीत मक्केस जाणाऱ्या हिंदुस्थानातील यात्रेकरूंचे हेच प्रमुख बंदर होते, आणि बऱ्हाणपुराहून तेथवर पोहोचणारी वाट थाळनेर, नंदुरबार, नवापूर अशी आपल्याच खानदेशातून जात असे, हे सहसा ध्यानी येत नाही.

यात्रेकरू आणि व्यापारी यांचे काफिले एकाच वाटेने चालत. तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने ती तुडविली असून, नवापूर हे विणकरांचे मोठे गाव असल्याचे सांगून तो तेथील तांदळावरच अधिक रेंगाळतो: दाणा बारीक, शिजल्यावर हिमाहून शुभ्र, वास कस्तुरीचा, आणि इराणात कोणास नजराणा द्यावयाचा तर याच तांदळाचे पोते न्यावे! (नवापूरकरांनी हे प्रशस्तिपत्र अद्याप वेशीवर कसे लावले नाही, याचे नवल वाटते.) पुढे शाहजहानाची कन्या जहाँआरा हिने बांधविलेली सराईही त्याने नोंदविली आहे.

बंदरी पोहोचले म्हणजे सुटका झाली, असे मात्र नव्हे. समुद्रावर पोर्तुगीजांचा अंमल असल्याने, प्रत्यक्ष अकबराची आत्या गुलबदन बेगम हिलाही १५७६ साली जहाज सुटेपर्यंत, त्यांच्या परवान्यापायी, सुरतेत दीर्घकाळ तिष्ठावे लागले. सामान्यांची काय कथा! अशा ताटकळणाऱ्यांची सोय म्हणून, हकीकत खान या मोगल अधिकाऱ्याने १६४४ च्या सुमारास यात्रेकरू व प्रवाशांसाठी सुरतेतच उभारलेली भव्य सराई अद्याप शाबूत आहे. तेथे आता सुरत महानगरपालिकेची कचेरी भरते.