मध्यम शहरातील विमानतळ : प्रवासी वाहतूक आणि निधीची उभारणी
(विशेष संदर्भ : कोल्हापूर विमानतळ)

१. प्रस्तावना

कोणत्याही प्रदेशाच्या आर्थिक विकासात दळणवळणाच्या साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भारतातील हवाई वाहतूक प्रामुख्याने महानगरांपुरती मर्यादित होती. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक धोरणानंतर आणि त्यातून आलेल्या ‘उडान’ योजनेनंतर मध्यम व लहान शहरांतील विमानतळांकडे शासनाचे लक्ष वळले. महाराष्ट्रात कोल्हापूर, नांदेड, सोलापूर, नाशिक, जळगाव या शहरांतील विमानतळांची चर्चा त्यामुळे वारंवार होऊ लागली. मात्र ही चर्चा बहुधा ‘विमान सुरू झाले’ आणि ‘विमान बंद पडले’ या दोन बातम्यांच्या दरम्यानच राहते. विमान का सुरू होते, ते का बंद पडते आणि दोन्ही परिस्थितींत खर्चाचा भार कोण उचलतो, हे प्रश्न मागे पडतात. हा भार अंतिमतः सार्वजनिक पैशावर, म्हणजेच कधीही विमानात न बसणाऱ्या नागरिकावरही पडतो. म्हणून या विषयाची मांडणी अर्थशास्त्रीय दृष्टीने होणे आवश्यक आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) मध्यम शहरातील विमानतळाच्या प्रवासी वाहतुकीचे स्वरूप स्पष्ट करणे, (ब) अशा विमानतळाच्या उत्पन्नाचे व निधीचे मार्ग समजावून घेणे, (क) वाहतूक व निधी यांतील परस्परसंबंध कोल्हापूरच्या उदाहरणावरून तपासणे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यासाठी शासकीय योजना, कायदे आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल अशा दुय्यम साधनांचा आधार घेण्यात आला आहे. आसनसंख्येविषयीची गणिते केवळ स्पष्टीकरणासाठी मांडलेली आहेत.

३. कोल्हापूर विमानतळाची वाटचाल

कोल्हापूर शहरालगत उजळाईवाडी येथील विमानतळ संस्थानकाळातील आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये तो सुरू झाला. पुढे काही काळ त्याची व्यवस्था महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे होती; आज ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. धावपट्टी दीर्घकाळ १,३७० मीटर लांबीची होती. ती टप्प्याटप्प्याने १,९३० मीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि २,३०० मीटरपर्यंत नेण्याचे नियोजन करण्यात आले. २०२२ मध्ये रात्रीच्या उड्डाणांना परवानगी मिळाली. नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले.

भौतिक सुविधांचा हा आलेख चढता आहे. प्रवासी सेवेचा आलेख मात्र तसा नाही. मुंबई मार्गाचेच उदाहरण घेता येईल. किंगफिशर कंपनीची सेवा २०११ मध्ये बंद पडल्यानंतर कोल्हापूर अनेक वर्षे नियमित प्रवासी विमानापासून वंचित राहिले. एप्रिल २०१८ मध्ये उडान योजनेतून एअर डेक्कनने १८ आसनांच्या विमानाने सेवा सुरू केली. ती अल्पावधीतच खंडित झाली. २०१९ मध्ये ट्रूजेट कंपनी या मार्गावर आली. २०२२ च्या आरंभी या कंपनीची उड्डाणेच थांबली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरने हा मार्ग पुन्हा सुरू केला. म्हणजेच सुमारे एका तपात एकाच मार्गावर चार कंपन्या आल्या व त्यांपैकी तीन गेल्या. याउलट हैदराबाद, बंगळूर, तिरुपती या दक्षिणेकडील मार्गांवर २०१८ व २०१९ पासून सेवा सुरू झाल्या आणि कोल्हापूरचा हवाई संबंध मुंबईबाहेर विस्तारला.

४. प्रवासी वाहतुकीचे स्वरूप

४.१ मागणीचे घटक : कोल्हापूरच्या हवाई प्रवासाची मागणी तीन स्रोतांतून निर्माण होते. पहिला स्रोत उद्योगाचा. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहती, फाउंड्री व्यवसाय, इचलकरंजीचा वस्त्रोद्योग आणि परिसरातील साखर कारखानदारी यांना ग्राहक, पुरवठादार व तंत्रज्ञ यांची सतत ये-जा आवश्यक असते. दुसरा स्रोत धार्मिक पर्यटनाचा. अंबाबाई व जोतिबा या देवस्थानांकडे येणारा आणि तिरुपतीकडे जाणारा भाविक यात मोडतो. तिसरा स्रोत प्रशासकीय व न्यायालयीन कामांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. त्यामुळे न्यायालयीन कामासाठी मुंबईस जाणारा प्रवासी कमी होईल आणि मुंबईहून कोल्हापुरास येणारा विधिज्ञ वाढेल. एकाच घटनेने प्रवासाची दिशा कशी बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४.२ स्पर्धा : विमानाची खरी स्पर्धा बहुतेक वेळा दुसऱ्या विमानाशी नसून रात्रीच्या प्रवासाशी असते. महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा आरामबस प्रवाशाला रात्री कोल्हापुरात बसवून सकाळी मुंबई-पुण्यात पोहोचविते. या प्रवासात कामाचा दिवस वाया जात नाही व मुक्कामाचा खर्चही वाचतो. त्यामुळे दुपारच्या वेळेचे विमान कितीही वेगवान असले तरी व्यावसायिक प्रवाशाला ते सोयीचे वाटत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येत असेल तरच त्याला वेळेची खरी बचत होते. याशिवाय बेळगाव, पुणे व गोवा येथील विमानतळही कोल्हापूर-सांगली परिसरातील प्रवासी आपल्याकडे ओढतात.

४.३ वेळेचा प्रश्न : सकाळ-संध्याकाळची ही जोडी मुंबईत मिळविणे मात्र कठीण असते. मुंबई विमानतळावर धावपट्टीची क्षमता मर्यादित असून विमान उतरण्याची व उडण्याची प्रत्येक वेळ, म्हणजेच ‘स्लॉट’, मौल्यवान आहे. धावपट्टीवर ७० आसनांचे विमान आणि १८० आसनांचे विमान जवळपास सारखीच जागा व वेळ घेतात. साहजिकच लहान शहराच्या विमानाला गैरसोयीची वेळ मिळते, गैरसोयीच्या वेळेमुळे प्रवासी कमी मिळतात आणि प्रवासी कमी म्हणून मार्ग तोट्यात जातो. अशा वेळी ‘कोल्हापुरात मागणीच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः ती मागणी तपासलीच गेलेली नसते. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाल्याने ही कोंडी काही अंशी सुटण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

४.४ अल्पसंख्येचे गणित : ७० आसनांचे एक विमान दररोज एक फेरी, म्हणजे एकदा जाणे व एकदा येणे, करीत असेल तर वर्षाला ५१,१०० आसने उपलब्ध होतात. ८० टक्के आसने भरली तर प्रवासीसंख्या सुमारे ४१ हजार होते. १८० आसनांच्या विमानाची अशीच एक दैनंदिन फेरी वर्षाला सुमारे १ लाख ५ हजार प्रवासी देते. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, मध्यम विमानतळाची वार्षिक प्रवासीसंख्या दोन-चार विमानांच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. दोन, एखादी कंपनी निघून गेली की प्रवासीसंख्येत होणारी घट ही मागणीची घट नसून पुरवठ्याची घट असते. वार्षिक आकडेवारी वाचताना हा भेद न केल्यास अनुमान चुकते.

५. निधीचे मार्ग

५.१ विमानतळाचे उत्पन्न : विमानतळाला दोन प्रकारचे उत्पन्न मिळते. विमान उतरविणे, उभे करणे व प्रवाशांकडून घ्यावयाचे शुल्क यांपासून मिळणारे ते हवाई उत्पन्न. आणि दुकाने, वाहनतळ, जाहिराती, जागांचे भाडे यांपासून मिळणारे ते बिगर-हवाई उत्पन्न. मोठ्या विमानतळांवर दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व वाढत जाते. दिवसातून मोजकीच विमाने येणाऱ्या ठिकाणी मात्र उपाहारगृह चालविणेही परवडत नाही. बिगर-हवाई उत्पन्नासाठी जी गर्दी लागते, तीच येथे नसते.

हवाई उत्पन्नाची अडचण याहून मूलभूत आहे. देशांतर्गत नियमित सेवेतील ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याच्या शुल्कातून सूट आहे. उडान मार्गांवर तर उतरणे व उभे करणे ही दोन्ही शुल्के प्राधिकरण आकारत नाही. प्रादेशिक सेवेला उत्तेजन देण्यासाठी ही सवलत योग्यच आहे. तथापि कोल्हापूरच्या मागणीला साजेसे विमान हेच नेमके ५० ते ७८ आसनांचे असते. म्हणजे ज्या विमानाला येथे प्रवासी मिळतात, ते विमानतळाला उतरण्याचे शुल्क देत नाही. आणि जे मोठे विमान शुल्क देते, त्यासाठी लांब धावपट्टी आधी बांधावी लागते. मध्यम विमानतळाच्या अर्थकारणातील हा मुख्य पेच होय.

५.२ प्राधिकरणाचे अंतर्गत अर्थसाहाय्य : हा पेच आजवर प्राधिकरणाच्या अंतर्गत व्यवहारातून सोडविला गेला. नफ्यातील मोजक्या विमानतळांच्या उत्पन्नातून तोट्यातील अनेक विमानतळ चालविले जातात. २००६ मध्ये दिल्ली व मुंबई विमानतळ खाजगी भागीदारीकडे गेले, तेव्हा प्राधिकरणाला अनुक्रमे ४५.९९ व ३८.७ टक्के महसुली हिस्सा ठरला. पुढे अहमदाबाद, लखनौ, मंगळूर, जयपूर, गुवाहाटी व तिरुअनंतपुरम या सहा विमानतळांसाठी महसुली हिश्श्याऐवजी दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम ही पद्धत आली. मोठ्या शहरातील विमानतळाचा करार कसा होतो, यावर लहान शहरातील विमानतळाचा दैनंदिन खर्च अशा रीतीने अवलंबून असतो. हा संबंध सामान्यतः दुर्लक्षित राहतो.

५.३ नियामक चौकट : २००८ च्या विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण कायद्याने ‘प्रमुख विमानतळा’साठी वार्षिक १५ लाख प्रवाशांची मर्यादा ठेवली होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती ३५ लाख झाली. वरील गणितानुसार ३५ लाखांसाठी १८० आसनी विमानांच्या रोज सुमारे ३३ फेऱ्या लागतील. कोल्हापूरसारखा विमानतळ या चौकटीच्या खूपच बाहेर राहतो. परिणामी त्याच्या खर्चाची व शुल्काची जाहीर छाननी, जी मोठ्या विमानतळांच्या बाबतीत होते, ती येथे होत नाही.

५.४ उडान योजना : या योजनेत सुमारे एक तासाच्या प्रवासाच्या निम्म्या आसनांसाठी आरंभी २,५०० रुपयांची भाडेमर्यादा ठरविण्यात आली. त्यामुळे येणारी तूट ‘व्यवहार्यता तफावत निधी’तून तीन वर्षे भरून दिली जाते. हा निधी मुख्यतः अन्य देशांतर्गत उड्डाणांवरील आकारणीतून उभा राहतो व सर्वसाधारण राज्यांना त्यात २० टक्के वाटा द्यावा लागतो. याखेरीज राज्याने विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर १ टक्क्यापर्यंत खाली आणावा, आवश्यक जमीन, पोलीस संरक्षण व अग्निशमन सेवा विनामूल्य द्यावी, अशा अटी आहेत. जुन्या धावपट्ट्यांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्राने ४,५०० कोटी रुपये स्वतंत्रपणे मंजूर केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. विमान कंपनीला तीन वर्षे मिळणारे साहाय्य हिशोबात दिसते. जमीन, अग्निशमन दल, पोलीस व बुडालेला कर या रूपांतील राज्याचा भार मात्र वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला असतो आणि तो तीन वर्षांनी संपतोच असे नाही. धावपट्टीच्या विस्तारासाठी करावे लागणारे भूसंपादन याचे उदाहरण होय. त्यात जमीन देणारा शेतकरी व रस्ता बदलावा लागणारा गावकरी यांच्या त्यागाची नोंद तर कोणत्याच खात्यात होत नाही.

६. योजनेचा अनुभव

नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा उडान योजनेवरील अहवाल २०२३ मध्ये संसदेत मांडण्यात आला. त्यानुसार तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांपैकी ५४ मार्ग मुदतीनंतरही टिकले.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी लागते. एकूण मार्गांच्या तुलनेत ५४ हे प्रमाण केवळ ७ टक्के आहे; परंतु मुदत पूर्ण करणाऱ्या मार्गांच्या तुलनेत ते ४८ टक्के आहे. काही मार्गांची मुदत त्या वेळी चालू असण्याची शक्यता धरली तरी मोठी गळती अनुदान संपल्यावर नव्हे, तर त्याआधी झालेली दिसते. विमानतळ सज्ज नसणे, विमाने उपलब्ध नसणे, सोयीच्या वेळा न मिळणे व कंपन्यांची कमकुवत आर्थिक स्थिती ही यामागील कारणे आहेत. केवळ अनुदानाची मुदत वाढविल्याने ती दूर होणार नाहीत.

महाराष्ट्रातील अनुभव याला दुजोरा देतो. नांदेड-हैदराबाद ही २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या उडानच्या पहिल्या सेवांपैकी एक होती. ती चालविणारी कंपनीच पुढे थांबली. सोलापुरात धावपट्टी होती, मागणीही होती. पण साखर कारखान्याच्या चिमणीचा अडथळा जून २०२३ मध्ये दूर झाला आणि प्रवासी सेवा जून २०२५ मध्ये गोव्याच्या उड्डाणाने सुरू झाली.

७. निष्कर्ष

१. मध्यम विमानतळाची प्रवासीसंख्या ही मागणीपेक्षा विमानांच्या उपलब्धतेची व वेळांची निदर्शक असते.
२. अशा विमानतळाचे स्वतःचे उत्पन्न त्याचा खर्च भागविण्यास अपुरे पडते. हे व्यवस्थापनाचे अपयश नसून शुल्करचनेचा परिणाम आहे.
३. बांधकामासाठी निधी मिळणे तुलनेने सोपे असते. चालविण्यासाठी सातत्याने निधी मिळणे अवघड असते.
४. राज्याचा अप्रत्यक्ष भार एकत्रित स्वरूपात कोठेही मांडला जात नाही.

८. सूचना

अनुदान देताना मार्गाइतकेच महत्त्व वेळापत्रकाला द्यावे व महानगरातील काही सकाळ-संध्याकाळच्या वेळा प्रादेशिक विमानांसाठी राखून ठेवाव्यात. प्रत्येक मध्यम विमानतळाचा वार्षिक जमाखर्च, राज्याने दिलेल्या विनामूल्य सेवांच्या मूल्यासह, प्रसिद्ध करावा. धावपट्टीचा विस्तार व मोठ्या विमानांची निश्चित योजना यांची सांगड घालूनच भूसंपादन करावे. जिल्ह्यातील उद्योजक संघटना, देवस्थाने व विद्यापीठे यांच्या साहाय्याने प्रवासी मागणीचे नियमित सर्वेक्षण व्हावे. महाविद्यालयीन अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांना हे काम सहज हाती घेता येईल.

विमानतळ ही शहराच्या प्रतिष्ठेची बाब मानली जाते व ते स्वाभाविक आहे. परंतु प्रतिष्ठेच्या भरात हिशोब झाकला गेला, तर विमान बंद पडल्यावर दोष कोणाचा हेही कळत नाही. रस्ता किंवा दवाखाना यांप्रमाणे विमानतळालाही सार्वजनिक सेवा मानून तोटा सोसणे हा एक रास्त पर्याय असू शकतो. तो किती सोसावा, कोणासाठी व किती काळ, हे ठरविण्याचा अधिकार मात्र संपूर्ण हिशोब समोर असलेल्या समाजालाच बजावता येतो.