धर्मग्राम कार्यालयातील स्कॅनर : मांडणी, वापर आणि निगा

बाप्तिस्म्याचा दाखला हवा असला की कार्यालयातील जुनी नोंदवही कपाटातून बाहेर निघते. दरवेळी तिची पाने उलटली जातात, कडा झिजतात, शिलाई सैल होते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५३५ वे कलम प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्यात आणि जुन्या वह्याही काळजीपूर्वक जतन कराव्यात असे सांगते. या कामी स्कॅनर मोलाचा साहाय्यक ठरतो. मात्र अजाणतेपणे वापरल्यास हेच यंत्र जीर्ण पान फाडूही शकते.

यंत्राची निवड

कार्यालयात सामान्यतः दोन प्रकारचे स्कॅनर आढळतात. पहिला सुटे कागद रोलरने एकामागून एक ओढून घेतो. पत्रे, पावत्या, अर्ज यांसाठी तो उत्तम होय. दुसरा सपाट काचेचा. नोंदवहीचे सुटे झालेले अथवा नाजूक पान केवळ काचेवरच ठेवावे. रोलरमध्ये कदापि घालू नये. वही पूर्ण उघडत नसेल तर झाकण दाबून तिचा कणा मोडू नये. अशा वहीचे वरून, स्टँडवर बसविलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्र घेणे अधिक सुरक्षित असते.

मांडणी

यंत्र सपाट, न हलणाऱ्या टेबलावर, थेट उन्हापासून व खिडकीतून येणाऱ्या पावसाळी ओलाव्यापासून दूर ठेवावे. वाहतुकीसाठी लावलेल्या चिकटपट्ट्या काढाव्यात व काचेखालच्या भागाला कुलूप असल्यास ते उघडावे. पुष्कळ यंत्रांत संगणकावर आधी त्यांचा ड्रायव्हर बसवून मगच केबल जोडावी लागते. म्हणून माहितीपुस्तिका प्रथम वाचावी.

वापर

छापील कागदासाठी ३०० डीपीआय पुरेसे असते. या मापाने ए-फोर कागदाची प्रतिमा सुमारे २४८० बाय ३५०८ बिंदूंची होते व रंगीत असल्यास संकोचनापूर्वी अंदाजे २६ मेगाबाइट जागा घेते. डीपीआय दुप्पट केल्यास ही जागा चौपट लागते. फिकट शाईच्या नोंदी नेहमी रंगीत घ्याव्यात. निव्वळ काळ्या-पांढऱ्या पर्यायात प्रत्येक बिंदू एकतर काळा होतो किंवा पांढरा. त्यामुळे पुसट अक्षर नाहीसे होण्याचा संभव असतो. दीर्घकाळ जतन करावयाच्या फाइलींसाठी २००५ साली प्रमाणित झालेला पीडीएफ-ए हा प्रकार योग्य होय.

सुटे कागद रोलरमध्ये घालण्यापूर्वी टाचण्या व पिना काढाव्यात, घड्या सरळ कराव्यात आणि कागदांची चळत बोटांनी फडफडवून सुटी करावी. पावसाळ्यात कागद एकमेकांना चिकटतात आणि दोन पाने एकदम आत जातात. मग दुसऱ्या पानाची प्रतिमा निघतच नाही. म्हणून कागद मोजून घ्यावेत, प्रतिमाही मोजाव्यात आणि दोन्ही आकडे जुळल्याखेरीज कागद परत कपाटात ठेवू नयेत.

फाइलीच्या नावात वहीचा प्रकार, खंड व पृष्ठ असावे. बारावे पृष्ठ ‘०१२’ असे लिहिल्यास क्रम बिघडत नाही. एक प्रत संगणकावर, एक बाह्य डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. २६ जुलै २००५ चा महापूर आठवावा. वही आणि डिस्क एकाच कपाटात असतील तर पाणी दोहोंनाही सोडणार नाही. या प्रतींमध्ये लोकांची खाजगी माहिती असते, म्हणून त्या सर्वांना खुल्या असू नयेत.

निगा

प्रत्येक प्रतिमेवर एकाच जागी उभी रेष दिसू लागली, तर काचेच्या अरुंद पट्टीवर धूळ वा डिंकाचा कण बसला आहे असे समजावे. वीज बंद करून, तंतू न सोडणारे मऊ कापड माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या द्रवाने किंचित ओलावून पट्टी पुसावी. द्रव थेट काचेवर शिंपडू नये. कागद निसटू लागले किंवा वारंवार दोन-दोन ओढले जाऊ लागले, तर आधी रोलर पुसावेत. तरीही दोष राहिल्यास ते बदलावेत. किती पानांनंतर बदलावेत हे प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. अडकलेला कागद झाकण उघडून हलकेच काढावा, हिसका देऊ नये.

प्रतिमा आणि मूळ वही

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. बाप्तिस्म्याची नोंद त्या दिवशीच पूर्ण होत नाही. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांची टीप पुढे त्याच नोंदीच्या समासात लिहिली जाते. प्रतिमा मात्र स्कॅन केलेल्या दिवसाचीच राहते. म्हणून समासात नवी टीप लिहिली की ते पान पुन्हा स्कॅन करावे, जुन्या प्रतिमेची जागा नव्या प्रतिमेने घ्यावी आणि दाखला देताना मूळ वहीशी ताडून पाहावे. नोंद शोधण्याचे श्रम प्रतिमेने हलके होतात आणि वहीची झीज थांबते. परंतु साक्ष त्या वहीचीच असते.