प्रेक्षकांची बैठक आणि बॅलेची गिरकी

१५८१ च्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिस येथे, लूव्र राजवाड्यालगतच्या पेती-बुर्बाँ दालनात, राणीच्या बहिणीच्या विवाहाप्रीत्यर्थ जो कित्येक तासांचा नृत्यसोहळा झाला, त्यापासून सामान्यतः दरबारी बॅलेचा आरंभ मानतात. आणि त्या दिवशी निमंत्रितांपैकी बहुतेक मंडळी सज्जांत बसून खाली पाहत होती, ही गोष्ट मला त्या सोहळ्याच्या साऱ्या थाटामाटाहून महत्त्वाची वाटते. वरून पाहणाराचे लक्ष पावलापेक्षा जमिनीवर उमटत जाणाऱ्या आकृतींकडे जाते, आणि रचनाकार बोज्वायो याने नृत्य योजिले तेही भूमितीच्याच दृष्टीने.

पुढे १६६१ साली चौदाव्या लुईने नृत्याच्या अकादमीस राजसनद दिली, नृत्य हौशी सरदारांकडून पेशेवर नर्तकांकडे गेले, कमानीच्या रंगमंचावर चढले, आणि प्रेक्षक समोर आला. त्याला पाय दाखवावयाचा, तर तो खुब्यापासून बाहेर वळविणे आले. हे वळण केवळ शोभेचे नव्हे. पाय सरळ ठेवून कडेला उचलू लागल्यास मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा लवकरच कटीच्या हाडाशी अडतो. बाहेर वळविल्यास तो मागे सरतो व पाय कितीतरी वर जातो. खुबा वळत नसता गुडघ्यातून बळेच पाऊल वळवावे, तर गुडघा दुखावतो. येथे शिक्षकाने कोणाचाही मुलाहिजा ठेवू नये.

एकोणिसाव्या शतकात नर्तकी बोटांच्या अग्रावर उभी राहिली, आणि १८९५ साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरात पिएरिना लेन्यानी हिने 'स्वान लेक'मध्ये एका पायावर ओळीने ३२ फुएते गिरक्या घेतल्या. प्रत्येक फेऱ्यात नर्तकी क्षणभर प्रेक्षकांसमोर थबकल्यासारखी दिसते. त्या क्षणी आधाराचा गुडघा वाकलेला, टाच टेकलेली आणि दुसरा पाय ताठ पसरून पुढून कडेला फिरत असतो. म्हणजे धड थांबले तरी फिरण्याचा संवेग त्या पायात शिल्लक असतो. मग तो पाय गुडघ्याशी आखडतो, वस्तुमान अक्षाजवळ येते, आणि तोच संवेग सर्व देहात पसरून गिरकीला एकाएकी वेग चढतो. घर्षणाने जे घटते त्याची भरपाई टेकलेल्या पावलाने जमिनीस दिलेल्या रेट्यातून होते. ती थबक नसती, तर गिरकी थोड्याच फेऱ्यांत विरली असती!

घेरी न येण्याचे एक कारण मानेत आहे: देह फिरतो, नजर एका बिंदूवर खिळून राहते, आणि मस्तक शेवटी झटक्याने वळते. दुसरे कारण मेंदूत आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०१३ साली नर्तकींची तुलना नौका वल्हविणाऱ्या स्त्रियांशी केली, तेव्हा अंतःकर्णातील संदेश घेणारा अनुमस्तिष्काचा भाग नर्तकींमध्ये लहान आढळला, आणि खुर्चीत फिरवून थांबविल्यावर त्यांना होणारा भ्रमणाचा भास लवकर ओसरला.