ओढणारे वाहन आणि ओढले जाणारे

व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीला ट्रॉली कशी येऊन बसली, असे कोणी विचारल्यास नवल नाही. परंतु कापसाच्या हंगामात दिवस मावळल्यावर बाभुळगावाहून यवतमाळच्या किंवा धामणगावच्या रस्त्याने जो गेला असेल, त्याला या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. ट्रॅक्टर घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. मागची ट्रॉली मात्र ‘मोठ्यातली मोठी द्या’ एवढ्या एका वाक्यावर घेतली जाते. ओढणाऱ्याची परीक्षा होते, ओढले जाणाऱ्याची होत नाही. आणि धोका पुष्कळदा या दुसऱ्याकडूनच येतो.

आपल्या वऱ्हाडात हे शास्त्र मुळीच नवे नव्हे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढे कित्येक वर्षे कापसाच्या बंड्या स्टेशनांकडे जात राहिल्या. बंडी भरताना धुरकरी पहिल्याने काय पाही? वजन आसाच्या मागे गेले तर बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळतात. वजन फारच पुढे आले तर मानेवर भार पडतो. म्हणून थोडेसे वजन पुढे आणि बाकीचे आसावर, हा त्याचा नियम होता.

दोन चाकांच्या ट्रॉलीला हाच नियम लागू पडतो. पुढचे थोडे वजन हुकावर आले म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीला घट्ट धरतात. ते अति झाले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. उलट माल फाळक्याकडे साचला तर हुक वर ओढला जातो आणि ट्रॉली रस्त्यावर शेपटीसारखी हेलकावे खाऊ लागते. चार चाकांच्या ट्रॉलीचा भार तिच्या स्वतःच्या दोन आसांवर पडतो. लांबच्या पक्क्या रस्त्याला ती बरी; चिखलाच्या वावरात मात्र दोन चाकांचीच अधिक कामाची. साखळी किंवा दोर ट्रॅक्टरच्या मागच्या आसाहून उंच ठिकाणी बांधून ओढणे सर्वांत घातक, कारण तशा ओढीने ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटू शकतो.

दुसरा प्रश्न वजनाचा. ट्रॉलीचे माप आपण डोळ्यांनी घेतो, आणि डोळा फसवतो. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो. तेवढ्याच जागेत सोयाबीन सुमारे ७०० किलो मावते, कोरडी वाळू सुमारे १,६०० किलो, आणि मोकळा कापूस या सर्वांहून कितीतरी कमी. तेव्हा कापसासाठी उंच फळ्या लावलेली ट्रॉली वाळूने वा गिट्टीने काठोकाठ भरणे म्हणजे तिच्यावर दुप्पट-तिप्पट ओझे लादणे होय. उंच रचलेल्या कापसाचा धोका निराळा. तेथे वजन कमी असले तरी ते उंचावर असते, म्हणून वळणावर ट्रॉली कलते.

तिसरी गोष्ट ब्रेकची. आमच्या मते निवडीत हीच पहिली यावी. ट्रॅक्टर दोन टनांचा आणि भरलेली ट्रॉली सहा टनांची धरू. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर दोन टनांच्या वाहनाचे ब्रेक आठ टनांना थांबवू पाहतात. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. उतारावर मागची ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागते आणि वळण असेल तर त्याला आडवा करते. म्हणून स्वतःचा ब्रेक असलेली ट्रॉलीच घ्यावी. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, न्यूट्रलवर कधीही उतरू नये. वावरात वळण्यासाठी ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. रस्त्यावर येताच ते दोन्ही पेडल एकत्र अडकवलेच पाहिजेत. नाहीतर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

परदेशातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. अमेरिकेत काही कुटुंबे बसएवढ्या घरगाडीतून प्रवास करतात आणि मुक्कामी बाजारहाट करण्यासाठी मागे एक लहान मोटार जोडून नेतात. ती निवडताना तेथील जाणता ग्राहक रंग वा किंमत यांआधी एक गोष्ट विचारतो: ही मोटार चारही चाके जमिनीवर ठेवून ओढता येते काय? कारण पुष्कळ ऑटोमॅटिक मोटारींच्या गिअरपेटीत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, अशा स्थितीत आतली चक्रे तेलावाचून झिजतात. उत्तर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत मिळते. आपल्याकडे बंद पडलेली ऑटोमॅटिक मोटार दोराने ट्रॅक्टरमागे बांधून नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कायद्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र होते, आणि ट्रॅक्टरचा क्रमांकही तिच्यावर दिसावा लागतो. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण अंधारात ट्रॉलीच ट्रॅक्टरचे दिवे झाकते. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला केवळ तिची पाठ दिसते, किंवा काहीच दिसत नाही. चालते लाल दिवे आणि लाल रिफ्लेक्टर यांचा खर्च ट्रॉलीच्या किमतीपुढे नगण्य आहे. विम्याच्या कागदावर ट्रॉलीचा उल्लेख आहे की नाही, तेही वाचून घ्यावे. आणि ट्रॉली मालासाठी असते. वऱ्हाडी, यात्रेकरू वा मजूर यांच्यासाठी ती केलेली नाही.

सारांश, ट्रॉली घ्यायला जाताना चार प्रश्न सोबत न्यावेत. माझा ट्रॅक्टर किती ओढू शकतो यापेक्षा किती थांबवू शकतो? मी बहुतेक वेळा कोणता माल नेणार? वजन आसाच्या पुढे राहील की मागे? आणि अंधारात ती मागच्या माणसाला दिसेल काय? विक्रेत्याला या चारांची उत्तरे देता आली नाहीत, तर ट्रॉली कितीही स्वस्त असली तरी दुसरे दुकान पाहावे.