स्वप्नात जागे होता येते!

‘रात्री स्वप्नात देवी आली, म्हणाली माझं काहीतरी राहिलंय.’ हे वाक्य आमच्या वैराग-बार्शी पट्ट्यात आजही ऐकू येते. मग विचारपूस सुरू होते. कोणी देवरुष्याचे नाव सुचवतो, कोणी कोंबडे सांगतो, कोणी पाच नारळ. धम्मदीक्षेला दोन-तीन पिढ्या झाल्या, बावीस प्रतिज्ञा लेकरांनाही पाठ झाल्या, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आले. पण दिवसा घराबाहेर काढलेला देव रात्री स्वप्नाच्या वाटेने परत आत शिरतो. दिवसाच्या अंधश्रद्धेवर आम्ही कार्यकर्ते मंडळी भाषणे पुष्कळ करतो. रात्रीच्या या दाराकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

वाचकहो, स्वप्न चालू असतानाच ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ असे कळण्याची एक अवस्था असते. इंग्रजीत तिला ‘ल्युसिड ड्रीम’ म्हणतात. हे नाव १९१३ साली फ्रेडरिक व्हॅन ईडन नावाच्या डच डॉक्टराने रूढ केले. आपण त्याला भानातले स्वप्न म्हणू. ही काही सिद्धी नाही, चमत्कार तर नाहीच. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१६ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात सुमारे ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी असे स्वप्न पडल्याचे सांगितले होते. तुम्हीही आठवून पाहा. लहानपणी विहिरीत पडताना ‘हे स्वप्नच आहे, आता जाग येईल’ असे वाटून गेलेले असेल.

पण झोपलेला माणूस खरोखर भानावर होता, याला पुरावा काय? शंका रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही ती बरीच वर्षे होती. १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले की, झोपेत ठराविक काळाने मिटलेल्या पापण्यांआड डोळे भरभर हलू लागतात. त्या वेळी माणसाला उठवले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेत हातापायांचे स्नायू जणू कुलूप लावल्यासारखे ढिले पडतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातून उठून पळत नाही. डोळे मात्र मोकळे असतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ साली नेमका याचा उपयोग केला. ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाशी आधीच ठरवून घेतले की, स्वप्नात भान आले की डोळे डावीकडे-उजवीकडे ठरल्याप्रमाणे फिरवायचे. वर्स्ली झोपला, त्याने स्वप्नातून तशी खूण केली आणि ती यंत्राच्या कागदावर उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे सिद्ध केले आणि ते शिकण्याची पद्धतही बसवली. २०२१ साली तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारून दाखवले. एकाला विचारले, आठातून सहा गेले किती? त्याने झोपेतच दोनदा डोळे हलवून उत्तर दिले.

हे स्नायूंचे कुलूप समजून घेणे आपल्या वस्तीत फार गरजेचे आहे. कधीकधी मेंदू आधी जागा होतो आणि अंगाचे कुलूप थोडे उशिरा निघते. डोळे उघडे, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, कोपऱ्यात काळी आकृतीही दिसते. स्वप्नाचा शेवटचा तुकडा जागेपणात सांडलेला असतो, एवढेच. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटांत ते आपोआप सुटते. झोपेची वेळ सारखी बदलणाऱ्यांना आणि उताणे झोपणाऱ्यांना हे जास्त होते. पण आपल्याकडे त्याला म्हणतात ‘अंगावर बसलंय’. आमच्या ओळखीच्या एका मजूर भगिनीला याच कारणासाठी तीन ठिकाणी फिरवले. लिंबू झाले, अंगारा झाला, एका ठिकाणी केस धरून विचारले, ‘सांग तू कोण?’ बाई रात्रपाळी करून दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपत होती, हे कोणी विचारले नाही.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, शिवाय दंड. कायदा आपल्या बाजूला आहे. पण भीती जायला कायदा पुरत नाही, त्यासाठी स्वतःच्या झोपेची ओळख लागते.

आपल्या धम्मसाहित्यात ही ओळख जुनी आहे. जातककथेत कोसलचा राजा पसेनदी एका रात्री सोळा स्वप्ने पाहतो आणि घाबरून जातो. पुरोहित सांगतात, राज्यावर, जिवावर किंवा संपत्तीवर संकट आहे, मोठा यज्ञ करा. जनावरे बांधली जातात. तेव्हा राणी मल्लिका म्हणते, आधी भगवंतांना तरी विचारा. तथागत सांगतात, या स्वप्नांपासून तुला काही धोका नाही. यज्ञ रद्द होतो, जनावरे सुटतात. त्या कथेत स्वप्नांचे अर्थ पुढच्या काळाशी जोडले आहेत, तो भाग आम्ही बाजूला ठेवतो. आमचे लक्ष मल्लिकेवर आहे. घरात कोंबड्याची भाषा सुरू होईल तेव्हा ‘थांबा, आधी विचारू’ म्हणणारी एक तरी मल्लिका असावी.

मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद भन्ते नागसेनांना विचारतो की स्वप्न झोपेत पडते की जागेपणी? नागसेन म्हणतात, गाढ झोपेतही नाही आणि जागेपणीही नाही. मधल्या हलक्या, माकडाच्या झोपेसारख्या अवस्थेत पडते. विनयपिटकाच्या महावग्गात, स्मृती न ठेवता झोपणाऱ्याचे जे तोटे सांगितले आहेत, त्यात वाईट स्वप्ने पडणे हा एक आहे. अंगुत्तर निकायात मैत्रीभावनेचे अकरा लाभ येतात. त्यातले पहिले तीन असे : सुखाने झोपतो, सुखाने उठतो, वाईट स्वप्न पाहत नाही. यात भानातल्या स्वप्नाची शिकवण आहे असे आम्ही म्हणणार नाही; ओढूनताणून सगळे पिटकात शोधण्याची सवय बरी नव्हे. तिबेटी बौद्धांनी मात्र स्वप्नात जागे राहण्याची साधना शेकडो वर्षे सांभाळली. नारोपाच्या सहा योगांत तिचा समावेश होतो.

आता शिकायचे कसे? एका वर्षावासात विहारात वाचन संपल्यावर आम्ही सहा-सात जणांनी हे करून पाहिले. शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंना दहाव्या दिवशी जमले. आम्हाला सातव्या आठवड्यात, तेही पाच-सात सेकंद. दोघांना अजून जमलेले नाही, पण त्यांची स्वप्ने लक्षात राहू लागली आहेत.

पहिले साधन वही. उशाशी शंभर पानी वही आणि पेन ठेवा. जाग आली की लगेच उठू नका, मोबाईल तर हातात घेऊच नका. त्याच कुशीवर पडून काय पाहिले ते आठवा आणि दोन ओळी लिहा. काहीच आठवले नाही तर ‘आज काही नाही’ असे लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगून लिहून घ्या. पंधरा दिवसांत कळते की आपली स्वप्ने तीच ती असतात. कोणाची एसटी चुकते, कोणाला परीक्षेचा पेपर कोरा दिसतो, कोणाच्या स्वप्नात वारलेली आई भाकरी थापत असते. आपली ही नेहमीची खूण ओळखणे म्हणजे अर्धे काम झाले.

दुसरे, दिवसा तपासणी. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून खरोखर विचारायचे, मी आत्ता जागा आहे की स्वप्नात? वैरागच्या स्टँडवर उभे असाल तर बसची पाटी वाचा, नजर वळवा, पुन्हा वाचा. जागेपणी ‘बार्शी’चे ‘बार्शी’च राहते. स्वप्नात अक्षरे बहुधा बदलतात. हाताची बोटे मोजा. स्वप्नात कधी सहा निघतात, कधी वितळल्यासारखी दिसतात. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा. स्वप्नात तो जातो! पण हे मनापासून करा. माळ ओढल्यासारखी बोटे मोजली तर स्वप्नातही तशीच मोजाल आणि सहा निघाली तरी पुढे चालाल. आमच्या मते सगळी मेख इथे आहे. सम्यक स्मृतीचा सराव असणाऱ्याला ही पायरी सोपी जाते.

तिसरी पायरी पहाटेची. डोळे हलवणारी ही झोप साधारण दीड-दीड तासाने येते आणि पहाटेकडे तिचा काळ लांबत जातो. म्हणून पाचेक तास झोप झाल्यावर उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे. मग पुन्हा पडून मनाशी म्हणायचे, ‘पुढच्या स्वप्नात, हे स्वप्न आहे हे मला आठवेल.’ आणि त्याच स्वप्नात आपण भानावर आलो आहोत असे डोळ्यांपुढे आणायचे. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ साली दिवसाची तपासणी आणि ही पहाटेची रीत एकत्र वापरायला लावली, तेव्हा पहिल्या आठवड्यात शंभरातल्या सुमारे सतरा रात्री यश आले. पाण्यासाठी पहाटे उठून पुन्हा घटकाभर पडणाऱ्या आपल्या माता-भगिनींना ही वेळ आयतीच मिळते.

भान आले की आनंदाने उडी मारू नका, तेवढ्याने जाग येते. स्वप्नातच तळहात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, आजूबाजूला शांतपणे पाहा. मग हवे तर उडा. मागे लागलेल्या कुत्र्याकडे वळून उभे राहा. देवी दिसली तर तिला विचारा, ‘तू कोण?’ तिचे उत्तर तुमचेच मन देत असते. ‘अंगावर बसल्यासारखे’ झाले तर झटापट करू नका. श्वास संथ ठेवा आणि फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा.

हे सगळे झोपेच्या जिवावर करायचे नाही. सोलापूरच्या यंत्रमागावर पाळी असणाऱ्यांनी आणि ऊसतोडीला मध्यरात्री निघणाऱ्यांनी पहाटेच्या गजराच्या भानगडीत पडू नये, वही आणि दिवसाची तपासणी पुरे. दारूने स्वप्नांची झोप आधी दबते आणि मग उसळते, तेव्हा पिणाऱ्याने आधी ती सोडावी. ज्यांना जागेपणी आवाज ऐकू येतात, भास होतात किंवा मानसिक आजाराची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. रोज रात्री तेच भयानक स्वप्न पडत असेल, विशेषतः अत्याचार किंवा अपघातानंतर, तर तो उपचाराचा विषय आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.

भान येवो न येवो, वाईट स्वप्नावर एक उपाय जागेपणीच करता येतो. अमेरिकेत बॅरी क्रॅकाव यांनी तो अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर वापरून २००१ साली निष्कर्ष मांडले. त्यांची वाईट स्वप्ने कमी झाली होती. स्वप्न लिहायचे, शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि तो बदललेला भाग रोज दहा-वीस मिनिटे डोळे मिटून पाहायचा. लहान मुलांना चित्र काढायला सांगा. आमच्या शेजारचा तिसरीतला मुलगा आठवडाभर कुत्र्याच्या स्वप्नाने किंचाळत उठे. त्याच्या आईने त्याला ते कुत्रे काढायला लावले आणि विचारले, आता याचे काय करायचे? पोराने कुत्र्याच्या गळ्यात दोरी काढली, दोरीचे टोक स्वतःच्या हातात दिले आणि खाली नाव लिहिले, मोत्या.