मज्जातंतूची गती कशी मोजतात?

सन २०२५ च्या प्रारंभी पुण्यात गुलेन-बॅरी सिंड्रोमचे अर्थात ‘जीबीएस’चे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते व हातपाय लुळे पडतात. ‘पुन्हा चालता येईल ना?’ हा कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो. डॉक्टर उत्तर शोधताना मज्जातंतूंची विद्युत् तपासणी करतात. तिचा अर्थ उलगडण्यात प्राण्यांवरील प्रयोगांचा मोठा वाटा आहे. तो येथे थोडक्यात मांडत आहोत.

मज्जातंतू विजेच्या तारेसारखा असतो : आत संदेशवाहक तंतू आणि वर मायलिनचे आवरण. आवरण झिजले तर संदेश मंदावतो किंवा वाटेत अडतो. आवरण पुन्हा तयार होऊ शकते. तुटलेला तंतू मात्र फार सावकाश वाढतो.

वॅक्समन व ॲडम्स यांनी १९५५ मध्ये सशांना मज्जातंतूंचा अंश टोचून जीबीएससारखा आजार निर्माण केला. पुढे लुईस जातीचे पांढरे उंदीर अशा प्रयोगांत रूढ झाले. उंदराला भूल देऊन पायाच्या सायटिक मज्जातंतूला दोन ठिकाणी सौम्य विद्युत् झटका देतात आणि पंजाच्या स्नायूचा प्रतिसाद नोंदवतात. दोन ठिकाणांतील अंतर ४० मिलिमीटर व प्रतिसादांच्या वेळेतील फरक १ मिलिसेकंद असेल, तर गती सेकंदाला ४० मीटर ठरते. गती बरीच घटली तर आवरणाला इजा झाल्याचा संशय येतो. गती बरी असूनही प्रतिसादाची उंची खालावली, तर तंतूच दुखावल्याची शक्यता असते. शरीर थंड पडले तरी गती घटते. म्हणून भूल दिलेल्या प्राण्याला ऊब देणे आवश्यक असते. त्याच प्राण्याची तपासणी पुन्हा पुन्हा करता येत असल्याने कमी प्राण्यांवर काम भागते, हेही महत्त्वाचे.

जपानचे नोबुहिरो युकी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या बाह्यावरणातील घटक टोचल्यास सशांचे पाय लुळे पडतात. कारण तो घटक मज्जातंतूतील एका घटकाशी मिळताजुळता असतो. पुण्यातील काही रुग्णांच्या नमुन्यांतही हाच जिवाणू आढळला होता.

म्हणून वाचकांना आमची विनंती : पाणी उकळून प्यावे, पायांत अचानक अशक्तपणा जाणवल्यास त्वरित रुग्णालय गाठावे, आणि अहवाल हाती आल्यावर ‘इजा आवरणाला की तंतूला?’ असे डॉक्टरांना अवश्य विचारावे.