रात्रीची लाईन

हिवाळ्यात उमरखेड तालुक्यातला शेतकरी 'या आठवड्यात रात्रीची लाईन आहे' असे म्हणाला, की घरच्यांना पुढचे सांगावे लागत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात बॅटरी घेऊन निघायचे आणि लाईन टिकेल तोवर मोटरीजवळ बसायचे. त्या वाक्यात ना वीज, ना पाणी, ना जागरण. पुण्याकडे लाईट जाते, विदर्भात लाईन जाते. असे अर्थ म्हणजे बिघडलेले इंग्रजी, असे शिकलेली माणसे सहज म्हणून जातात. माझ्या मते ते इंग्रजीच उरलेले नाही. जे जे काम गावात आले, त्याने या शब्दाला स्वतःचा अर्थ दिला, आणि कोशातही तो मराठी शब्द म्हणूनच नोंदायला हवा.

रेशन दुकानापुढची लाईन ही रांग, पोलीस लाईन ही वस्ती, आणि 'पोरगा कोणत्या लाईनीत आहे' हा सोयरिकीआधीचा प्रश्न. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाने आणखी एक भर घातली. फेब्रुवारी 2024मध्ये गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत आली, पण पुढच्या पट्ट्यात 'लाईनीत शेत गेलं' या तीन शब्दांत भूसंपादन, मोबदला, भाऊबंदकी सगळे येते. 'शेतातून लाईन गेली' म्हणजे रूळ किंवा खांब आले; 'शेतातली लाईन गेली' म्हणजे मोटर बंद पडली. क्रियापद तेच, अर्थ फिरवतो तो मराठी प्रत्यय.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजीतही या शब्दाला ढीगभर अर्थ आहेत, आपण फक्त उचलले. रांग, रूळ, पेशा यांच्याबाबत ते खरेच आहे. पण इंग्रजी कोशात जो अर्थ अग्रभागी असतो, तो रेषेचा, आपण फारसा घेतलाच नाही. वहीत पोरे रेघच मारतात. लाईन मारणे हा उद्योग निराळा. उलट 'लाईन बंद करा' असे खांबाखालून फोनवर सांगितले जाते, तेव्हा तार जागच्या जागी असते, थांबतो तो प्रवाह. वीजतंत्राच्या परिभाषेत त्याचे मूळ सापडेल, पण घरात अंधार झाल्यावर इंग्रज माणूस असे बोलत नाही. हा अर्थ इंग्रजांच्या राज्याचा वारसाही नसावा. वऱ्हाड 1853पासून त्यांच्या कारभारात होते, पैनगंगेपलीकडचे हदगाव 1948पर्यंत निजामाकडे. खेड्यांत खांब पोचले ते मुख्यतः 1960मध्ये राज्य वीज मंडळ झाल्यावर, तेव्हा दोन्ही काठ एकाच राज्यात होते. हिंदीतही 'लाइन' जाते, त्यामुळे शब्द त्या वाटेने आला असेल. असो, 'लाईनीत', 'लाईनीवर' ही रूपे मात्र इथलीच.

शुद्धिवाद्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे: 'वीज' असताना हे कशाला? माधवराव पटवर्धनांनी 1938च्या 'भाषाशुद्धि-विवेक'मध्ये परक्या शब्दांविरुद्ध कसून युक्तिवाद केला, तोही आधी फारसी-मराठी कोश रचून. त्यांना उथळ म्हणता येत नाही. पण शिवारात वीज पडते, बैल दगावतो, माणूसही जातो. मोटर चालवणारीला वेगळे नाव असणे तिथे सोयीचे आहे. गवंड्याची लाईनदोरी तर गमतीचीच. लॅटिनमध्ये या शब्दाचे मूळ जवसाच्या धाग्यात आहे आणि जवस विदर्भात पूर्वापार पिकते. 

महावितरणने लाईनमनला 'जनमित्र' हे नाव दिले. नाव चांगले आहे. पण डीपीवरचा फ्यूज उडाला, की गावात शोध सुरू होतो तो लाईनमनचाच.